मांडीचा टाका

होळी होऊन आठ दिवस झाले होते. नांदेडातलं ऊन सकाळी दहालाच डोळ्यांवर येऊ लागलं होतं. उज्वलाच्या विणकामाच्या वर्गातल्या बायका नुकत्याच गेल्या होत्या आणि ती सतरंजी झटकत होती, तेवढ्यात दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरा स्वच्छ सदरा आणि दोन्ही हातांत जपून धरलेला श्रीखंडाचा जुना डबा.

“शरणार्थी, बाई,” मान लववून लिंगायत रीतीने नमस्कार करत ते म्हणाले. “विणकाम शिकवणाऱ्या उज्वलाबाई तुम्हीच का?”

“मीच. या ना, बसा.”

त्यांनी नाव सांगितलं माणिकप्पा. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात सगळी नोकरी झाली, रिटायर होऊन अठरा वर्षं झाली. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि आतला मलमलीचा तुकडा इतक्या हळू उलगडला, की उज्वलाला वाटलं आत एखादं पाखराचं पिल्लू असावं.

आत एक थैली होती. डाळिंबाच्या दाण्याच्या रंगाची, रेशमी, हाताने विणलेली. हातभर लांब आणि जेमतेम चार बोटं रुंद. दोन्ही टोकं बंद, मधोमध एक उभी फट, आणि फटीच्या अल्याड-पल्याड दोन पोलादी कड्या, सरकवता येतील अशा. एक टोक चौकोनी, त्याला झालर. दुसरं चुण्या घालून गोल आवळलेलं, त्याला एकच गोंडा. टोकांजवळ मोहरीएवढे पोलादी मणी ओवलेले होते, ते गंजून काळे पडले होते.

“माझ्या वडिलांना वाटायचं, कुणीतरी मोजा विणायला घेतला आणि चुकून दोन्हीकडून बंद केला,” माणिकप्पा हसले. “ते मुदखेड स्टेशनवर कारकून होते. जुन्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं, त्यात त्यांनी एक शिवणाचं टेबल घेतलं. खणात ही होती. लहानपणी आम्ही भावंडं या कड्या सरकवत बसायचो. आता टेबल गेलं, भावंडंही गेली. ही राहिली, तर तिला कसर लागली.”

गोल टोकापासून चार बोटांवर दोन भोकं पडली होती आणि तिथून टाके शिडीसारखे खाली सुटत चालले होते.

उज्वलाने अशी थैली कधी हातात घेतली नव्हती, पण ओळखली. रद्दीतून आणलेल्या एका जाडजूड विणकामाच्या पुस्तकात तिने चित्र पाहिलं होतं. राणी व्हिक्टोरियाच्या काळात विलायतेतल्या बायका दुपारची कामं उरकली की खिडकीशी बसून असल्या थैल्या विणायच्या. नवऱ्याला, भावाला, कधी ज्याच्याशी लग्न व्हावं असं वाटे त्यालासुद्धा भेट द्यायच्या. फटीतून नाणी आत सोडायची, कडी सरकवली की ते टोक बंद. मग थैली कमरेच्या पट्ट्यावरून दोन्हीकडे लोंबती टाकायची.

“आपल्याकडं बैलबाजाराला जाणारी माणसं कमरेला पैशाचा कसा बांधायची ना, ही त्याची विलायती बहीण,” ती म्हणाली. “टोकं मुद्दाम वेगळी करतात. अंधारात नुसतं चाचपलं तरी कळतं, कुठल्या टोकात काय ठेवलंय.”

माणिकप्पांनी मान डोलावली. हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

“होईल का नीट?”

“बघते. घाई करू नका म्हणजे झालं.”

“मला कसली घाई?” म्हणत ते उठले. दारातून एकदा वळून त्यांनी डब्याकडे पाहिलं आणि उन्हात निघून गेले.

त्या दिवसापासून उज्वलाच्या दुपारी बदलल्या. जेवण झालं की ती खिडकीशी बसायची आणि भिंग लावून थैलीवर वाकायची. बाहेर रस्ता सामसूम असायचा. कुलरच्या पाण्याचा ओला वास यायचा. इतके बारीक टाके तिने जन्मात पाहिले नव्हते. बघता बघता डोळे जड व्हायचे आणि टाक्यांच्या ओळी हलू लागायच्या. मग अर्ध्या झोपेत तिला एक खोली दिसायची, दारांना वाळ्याचे पडदे लावलेली. आत हिरवट अंधार. खुर्चीत कुणीतरी बसलेलं, फक्त मांडीवरचे हात दिसायचे, गोरे, लांब बोटांचे, आणि सुयांची बारीक टिकटिक. जाग आली की भिंग हातातच असायचं.

चौथ्या दिवशी तिला ते दिसलं.

चौकोनी टोकाकडचे टाके सरळ होते. प्रत्येक टाक्याचे दोन पाय शेजारी शेजारी उभे, पुस्तकात काढून दाखवावेत तसे. फटीपर्यंत सगळं असंच होतं. पण फट ओलांडून गोल टोकाकडे गेलं की टाका बदलत होता. तिथे प्रत्येक टाक्याचा एक पाय दुसऱ्या पायावर आडवा पडला होता, मांडी घालून बसल्यासारखा. एकही ओळ त्यातून सुटली नव्हती. चुकून झालं असतं तर कुठेतरी सरळ टाका आलाच असता. हा हातच वेगळा होता.

उज्वलाने भिंग खाली ठेवलं. हा टाका तिला ठाऊक होता. तिच्या आईचा होता हा.

लातूरजवळच्या मुरुडच्या घरात आईने, सिंधुने, तिला छत्रीच्या काड्यांवर विणायला शिकवलं होतं. आई दोरा सुईवर उलट्या बाजूने टाकायची, म्हणून तिचा टाका पिळला जायचा. घरात त्याला मांडीचा टाका म्हणत. उज्वला त्याच टाक्याने विणत मोठी झाली. बाराव्या वर्षी तिने वडिलांना अख्खा गळपट्टा विणून दिला होता. मग विसाव्या वर्षी ती लातूरला विणकामाच्या डिप्लोमाला बसली. परीक्षक बाईंनी तिचा नमुना वर धरून सगळ्यांना दाखवला होता आणि म्हटलं होतं, “हा टाका नाही, ही खोड आहे.” उज्वला नापास झाली. घरी येऊन ती आईला नको नको ते बोलली. तुला येत नव्हतं तर शिकवलंस कशाला, तुझ्या अडाणी हातानं माझं वर्ष गेलं, असलं सगळं. आई तेव्हा चुलीपुढे बसली होती. दुसऱ्या दिवशी तिने काड्या फडक्यात बांधून माळ्यावर टाकल्या आणि त्यानंतर तिला विणताना कुणी पाहिलं नाही.

उज्वलाने वर्षभर घासून सरळ टाका हातात बसवला, पहिल्या वर्गात पास झाली, लग्न होऊन नांदेडला आली. या गोष्टीला पस्तीस वर्षं होऊन गेली होती.

तिने पटवेकऱ्याकडून डाळिंबी रेशमाची लड आणली. गल्लीच्या तोंडाशी सायकलचं दुकान असलेल्या धम्मानंदने पोलादी तारेचे पाच तुकडे कापून, टोकं घासून गुळगुळीत करून दिली, कारण एवढ्या बारीक सुया कुठे विकत मिळत नाहीत. मग तिने गोल टोक उसवायला घेतलं. भोकांच्या खालपर्यंत गेली, मणी वाटीत काढून ठेवले, सगळे टाके चार सुयांवर घेतले आणि पाचवीने विणू लागली.

तीन ओळी झाल्यावर तिने भिंगातून पाहिलं. जुन्याच्या डोक्यावर नवं असं बसलं होतं, जसं मातीच्या भिंतीवर फरशीचे तुकडे लावावेत. उसवलं. सुई पाठीमागून घातली की टाका पिळतो हे कुठल्याही विणणारीला माहीत असतं. तिने तसं करून पाहिलं, तर पीळ भलत्याच बाजूला पडला. पुन्हा उसवलं. मग आईसारखा दोरा उलटा टाकायला गेली. दोन टाके यायचे, तिसऱ्याला हात आपला सवयीने सरळ वळायचा. एकेकाळी हातातून खरवडून काढलेली गोष्ट आता बोलावून येत नव्हती.

पाडव्याला मुरुडला जायचंच होतं. तिने थैली सुयांसकट मलमलीत गुंडाळली, डब्यात घातली आणि डबा मांडीवर घेऊन लातूरच्या एस.टी.त बसली. लोह्यापर्यंत जागी होती. पुढे अहमदपूरच्या अलीकडे कधीतरी डोळा लागला. रस्त्याकडेची झाडं पानं टाकून उभी होती आणि मधूनच एखादा पळस लालभडक येऊन जायचा. झोपेत ते लाल तिला रेशमासारखं लांबच लांब ओढत गेल्यासारखं वाटत होतं.

मुरुडला तिचा भाऊ बजरंग शेती बघायचा. आई त्याच्याकडेच होती. गेल्या दीड वर्षापासून आईचं मन एका जागी ठरत नव्हतं. कधी ती बजरंगला ओळखायची, कधी तो सासरचा कुणी दीर वाटायचा. उज्वलाला ती आक्का म्हणायची, म्हणजे तिची स्वतःची थोरली बहीण, जी जाऊन वीस वर्षं झाली होती.

“आक्का, उन्हाची कशाला आलीस गं?” आई म्हणाली. ती ओसरीवर लोखंडी पलंगावर बसली होती. अंगणातल्या लिंबाचा मोहर वाऱ्याने तिच्या पदरात पडत होता.

“आले तुला बघायला.”

“बघ मग,” म्हणून आईने मान वर केली, फोटो काढायला बसल्यासारखी.

पाडव्याची गुढी उभारली, जेवणं झाली, बजरंग शेताकडे गेला. वहिनी आत भांडी लावत होती. उज्वलाने डबा उघडला आणि काही न बोलता थैली आईच्या मांडीवर ठेवली.

आईने थैलीकडे पाहिलंच नाही. बोटं मात्र निघाली. चौकोनी टोकाच्या झालरीवरून गेली, थांबली नाहीत. पहिल्या कडीवरून, फटीवरून, दुसऱ्या कडीवरून पुढे आली आणि सुयांपाशी येऊन थबकली. अंगठ्याने तिने ते विणलेलं दाबून दाबून पाहिलं, बाजारात कणसाचे दाणे बघतात तसं.

“ही आपली हाय,” आई म्हणाली.

“आपली म्हणजे?”

“मोठीआईची. कुणी उसवली?”

“मी उसवली. खाली भोक पडलं होतं.”

“बरं झालं. भोकाचं काय इणता येत न्हाई.” तिने हात पुढे केला. “दोरा दे इकडं.”

उज्वलाने पाचवी सुई आणि रेशमाचं गुंडाळं तिच्या हातात दिलं. आईचे हात एरवी थरथरायचे. जेवताना घास सांडायचा. पण सुई टाक्यात गेली आणि थरथर कुठे गेली ते कळलं नाही. दोरा पलीकडून अलीकडे आला, टाका झाला, दुसरा झाला. ती खाली बघतही नव्हती. तिची नजर लिंबाच्या फांद्यांमध्ये कुठेतरी होती आणि खाली एकामागून एक टाके मांडी घालून बसत चालले होते. जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे लागलं, ते पुढे भिंगातूनही उज्वलाला नीट सापडलं नाही.

“मोठीआई म्हणजे तुझी आजी ना? चंद्रभागा?”

“हाव. मुदखेडची.” आईचं माहेर मुदखेडचं, एवढं उज्वलाला ठाऊक होतं. पुढचं ती पहिल्यांदाच ऐकत होती. “तिथं आगगाडीचा रस्ता टाकून राहिले होते. सायबाचा आधी तंबू होता, मग बंगला झाला. मोठीआई बारा वर्षांची. सायबाच्या लेकराचा पाळणा हलवायला ठेवली होती. मडम दुपारची खुर्चीत बसून इणायची. ही पाळण्याची दोरी वढत बघत बसायची.”

“मडमनं शिकवलं तिला?”

“शिकवती कशाला? हिनंच बघून घेतलं.” आई थांबली. मग एकदम म्हणाली, “आक्का, तू खाली बस बरं.”

“इथं बसते की तुझ्याशेजारी.”

“तिथं न्हाई. खाली बस. समोर.”

उज्वला पलंगावरून उठली आणि ओसरीच्या गार शहाबादी फरशीवर आईसमोर बसली. आईचे हात आता तिच्या डोळ्यांच्या रेषेत होते. आईने चार-पाच टाके अगदी सावकाश घातले. उज्वला बघत होती. दोरा सुईभोवती फिरत होता तो इथून बघताना सरळ बाजूने फिरत होता, डिप्लोमाच्या पुस्तकात होता तसा. आईचं उलटं समोरून सुलट दिसत होतं. म्हणजे मडमचं सुलट त्या पोरीला समोरून उलटं दिसलं असणार.

“खुर्चीच्या बाजूला आपल्याला कोण बसू देतंय?” आई म्हणाली. “समोर, खाली बसून शिकली. जसं दिसलं तसं केलं. म्हणून आपला टाका असा.”

आतून वहिनी ओल्या हातांनी बाहेर आली होती. ती दाराशीच उभी राहिली.

“मग ही थैली मडमची का मोठीआईची?” तिने विचारलं.

“दोघींची. मडमनं निम्मी केली आन् तिला हिवताप भरला. लई दिवस पडून होती. सुया तशाच टेबलावर. मोठीआई रोज पुसायची त्या. मग एक दिवस घेतल्या हातात. आधी बांबूच्या काड्यांवर घरी करून बघितलं होतं, चोरून. गोल टोक तिनं केलं, कारण चौकोनी कसं करायचं ते बघितलंच नव्हतं.” आई खुदकन हसली. “चौकोनात इंग्रजाचे कलदार रुपाये, गोलात निजामाचे हाली. सायबाला दोन्ही लागायचे. मडमला उठून बसता आलं तवा तिनं थैली बघितली. उलटीपालटी करून लई येळ बघितली.”

“काय म्हणाली?”

“काय की. ती विंग्रजीत बोलायची.”

वहिनी हसली. उज्वलाला हसूही आलं आणि डोळेही भरले. तिने आईच्या पायावर हात ठेवला.

“आई, मी तुला लई बोलले होते. या टाक्यावरून. परीक्षेच्या वेळी.”

“कोण नापास झालं?” आईने काळजीने विचारलं.

“मी.”

“मग पुन्हा बसायचं. त्यात काय रडतीस?”

आणि ती परत विणू लागली.

उज्वला दोन दिवसांसाठी आली होती, आठ दिवस राहिली. नांदेडला फोन करून वर्गाला सुट्टी सांगितली. रोज दुपारी ओसरीवर तीच बैठक. आई एक ओळ विणायची, मग कधी विसरून दोरा हातात धरून बसायची, कधी सुया सोडून लिंबाचा मोहर वेचू लागायची. अशा वेळी उज्वला थैली अलगद आपल्याकडे घ्यायची आणि पुढचे टाके घालायची. पहिल्या दिवशी तिचा हात चुकला. दुसऱ्या दिवशी कमी चुकला. आई मध्येच बोटाने तिच्या मनगटावर टिचकी मारायची, तिच्या लहानपणी मारायची तशी, आणि म्हणायची, “हिकडून.” पाचव्या दिवशी उज्वलाच्या ध्यानात आलं की तासभर झाला, टिचकी पडलेली नाही.

गोष्ट मात्र रोज बदलत होती. एका दुपारी आईने सांगितलं की मडमच्या तीन थैल्या होत्या आणि एक निळी होती. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली की मोठीआईने थैलीत पारिजातकाची फुलं भरून लेकराच्या पाळण्याला बांधली होती. एकदा तर आगगाडीच नव्हती, नुसती बैलगाड्यांची रांग होती. बजरंग म्हणाला, “ताई, तिच्या सांगण्यावर किती भरवसा ठेवायचा?” उज्वलाने वाद घातला नाही. सुयांवरचे टाके रोज तेच होते.

शेवटच्या दोन बोटांचं काम उज्वलानेच केलं. आईचं त्या दिवशी लक्ष नव्हतं. ती उशीला टेकून अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बघत होती. चुण्या घालून टोक आवळलं, वाटीतले मणी होते तिथे शिवले, जुना गोंडा परत बसवला. मग उज्वलाने थैली आईच्या हातात दिली. आईने एक कडी सरकवली, परत आणली, परत सरकवली. पोलाद रेशमावरून जाताना जो बारीक आवाज होतो, तेवढाच ऐकू येत होता.

“झाली?” आईने विचारलं.

“झाली.”

“मग आता काय इणायचं?”

वहिनीने कपाटातून जुन्या स्वेटरची उसवलेली लोकर काढली, हिरवी, पिवळी, थोडी चॉकलेटी. माळ्यावरचं फडकं बजरंगने शिडी लावून शोधून आणलं. छत्रीच्या काड्या आतमध्ये तशाच होत्या. आईने लोकर घातली आणि गोल विणायला सुरुवात केली.

नांदेडला परतल्यावर दोन दिवसांनी माणिकप्पा आले. उज्वलाने थैली त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी भोक होतं ती जागा शोधली, डोळ्यांजवळ नेली, दूर धरली आणि शोधणं सोडून दिलं.

“कुठं होतं तेच विसरलो, बाई.”

मग उज्वलाने त्यांना सगळं सांगितलं. सरळ टाका आणि मांडीचा टाका भिंगाखाली दाखवला. मडम, हिवताप, समोर बसलेली पोर, आणि मुरुडच्या ओसरीवरची आई. आईचं मन कसं आहे तेही सांगितलं, म्हणजे त्यांनी काय मानायचं ते मानावं. माणिकप्पांनी आधी एक टोक, मग दुसरं अंगठ्याने चाचपून पाहिलं. चहा गार झाला.

“सत्तर वर्षं आमच्या घरात होती,” शेवटी ते म्हणाले. “आम्हाला वाटायचं बंगल्यावरच्या कुणा मडमची असेल. तुमच्या पणजीचा हात लागलाय म्हणजे ही तुमची झाली. तुम्ही ठेवा,” आणि थैली तिच्या हातात दिली.

हे ते म्हणतील असं उज्वलाला एस.टी.त वाटलं होतं, आणि काय उत्तर द्यायचं ते तिने ठरवलंही होतं. तरी आता ती क्षणभर अडखळली. थैली तिच्या हातात ऊबदार होती.

“निम्मी मडमची आहे,” ती म्हणाली. “तिला विचारायला कुठं जायचं? आणि तुम्ही जपली म्हणून तर माझ्यापर्यंत आली. राहू द्या तुमच्याकडंच.”

माणिकप्पांनी होकारार्थी मान हलवली. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चष्मा आणि पेन काढलं, एक कोरा कागद मागून घेतला आणि पार्सलवर लिहायची सवय असलेल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: चंद्रभागा, मुदखेड. त्याखाली लिहिलं: सिंधु, मुरुड. मग उज्वला, नांदेड.

“मडमचं नाव काय?”

“मोठीआई तिला मडमच म्हणायची.”

त्यांनी सगळ्यात वर, चंद्रभागेच्याही वर, ‘मडम’ असं लिहिलं, कागदाची घडी केली आणि थैलीबरोबर मलमलीत गुंडाळून डब्यात ठेवली. निघताना ते पायऱ्यांवर थांबून म्हणाले, “आईंना माझा शरणार्थी सांगा.”

उन्हाळाभर वहिनीचे फोन येत राहिले. आईचं विणणं चालूच होतं. ते कुठे बंद करायचं हे तिच्या ध्यानात राहत नव्हतं आणि थांबवायला कुणाचा जीव होत नव्हता. हिरव्यात पिवळं, पिवळ्यात चॉकलेटी, लांबच लांब नळीसारखं ते वाढत होतं. लोकर संपली की उज्वला नांदेडहून पार्सल करायची. पावसाळ्यात वहिनी म्हणाली, पलंगाखाली गुंडाळी मावत नाही. दसऱ्याला बजरंगने ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते पसरून मोजलं, तर ते वळून परत निम्म्यापर्यंत आलं. आईला विचारलं तर ती म्हणायची, “होऊन राहिलंय.” दुपारी विणता विणता ती झोपून जायची, आणि उठली की बोटं तिथूनच पुढे लागायची. माणसांची नावं तिच्याकडून एकेक गळत चालली होती, पण त्या महिन्यांत ती चिडली नाही, रडली नाही, रात्री उठून दार उघडून निघाली नाही.

डिसेंबरात मुरुडला कडाक्याची थंडी पडली. बजरंगच्या शेळीला तीन पिल्लं झाली, त्यातलं एक अगदी हाडकुळं, कुडकुडून उभं राहीना. वहिनीने सकाळी पोत्यात गुंडाळलं, चुलीशी ठेवलं, तरी थरथरत होतं. मग ती आईजवळ जाऊन म्हणाली, “आत्याबाई, यातलं वीतभर घेऊ का? पिल्लाला.”

आईने विणणं थांबवलं. पिल्लाकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं.

“वीतभर कशाला? दीड घे. वाढतंय ते.”

उज्वला तेव्हा तिथेच होती. तिनेच सुरुवातीकडून दीड वीत उसवून वेगळी केली, दोन्हीकडचे टाके बांधले, पुढच्या पायांसाठी दोन भोकं ठेवली. वहिनीने पिल्लू धरलं आणि दोघींनी मिळून ती नळी त्याच्या डोक्यातून आत चढवली. हिरवी-पिवळी बंडी त्याच्या अंगावर घट्ट बसली. थोडा वेळ ते तसंच उभं राहिलं, कान पाडून. मग एक पाय झाडला, दुसरा झाडला आणि टणकन उडी मारून अंगणात गेलं. त्याची आई हुंगायला आली आणि बिचकून मागे सरली. पिल्लू पुन्हा तिच्याकडे धावलं.

पलंगावरून सिंधु ते बघत होती. ती इतकी हसली, की तिला ठसका लागला आणि वहिनीला पाणी आणायला आत पळावं लागलं.

“अजून दोन हायेत,” ठसका थांबल्यावर ती म्हणाली आणि तिने काड्या हातात घेतल्या.